कापड लांबलं नव्हतं

अख्ख्या गल्लीची मापं टेलरमावशींना तोंडपाठ. स्वतःचं माप मात्र त्यांनी लग्नानंतर घेतलंच नाही. जुना कागदी खाका कापडावर ठेवायचा, खडू फिरवायचा आणि कात्री चालवायची. "मी आहे तशीच आहे," हे त्यांचं पालुपद.

एकदा कापडाचं जड ठाण उचलताना त्यांच्या पाठीत चमक भरली. लचकली असेल म्हणून पट्टा बांधला, दात-ओठ खात मशीनवर बसल्या. पुढे नवा झगा शिवला, तर तो पुढून पायात येऊ लागला. झालं, कापडवाल्याची शंभरी भरली! "तुझं कापड ताणतंय," म्हणून मावशींनी त्याला भर दुकानात फैलावर घेतलं. बिचारा गरीब गाय, त्याने कापड बदलून दिलं. दुसरा झगाही लोंबलाच.

सुनेला शंका आली. कापडाचं सोडा, पण वरच्या फळीवरची रिळंही सासूबाईंच्या हाताला येईनाशी झाली होती. मावशी नको नको म्हणत असताना तिने त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "पाठीचा मणका चेपलाय, मावशी. हाड मोडलंय आणि तुम्ही मशीन चालवताय?" मग हाडांची घनता मोजली, रक्त तपासलं. हाडं आतून विरळ झाली होती.

"म्हणजे विरलेलं कापड," मावशी हळूच म्हणाल्या.

"तसंच समजा. ओढाताण केली की दुसरीकडे फाटणार." आठवड्यातून एक गोळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. जोडीला कॅल्शियम. आधी आराम, मग चालणं आणि पाठीचे व्यायाम. "आणि कंबरेतून वाकायचं नाही."

मावशींचं तोंड एवढंसं झालं. नातीच्या लग्नाचा पोशाख कापायचा होता आणि कापायचं टेबल होतं गुडघ्याच्या जरा वर. नात तर हटूनच बसली, "आजीच्या हातचा नसेल तर मी जुन्याच कपड्यांत उभी राहीन." घरी आल्यावर पोशाखाचं कापड मांडीवर घेऊन मावशी चक्क रडल्या.

दुखणं ओसरलं तशी एका सकाळी सून आणि नात विटा घेऊन आल्या, टेबलाच्या पायांखाली नीट रचल्या. टेबल कमरेला लागलं.

"बंदी वाकायला आहे, कात्रीला नाही," सून म्हणाली.

मावशींनी ताठ उभं राहून पोशाख कापला. मग सुनेने त्यांच्याच गळ्यातली टेप काढून पुढून खांद्यापासून पावलापर्यंत लावली. जुन्या खाक्यापेक्षा दोन बोटं कमी भरली. मावशींनी जुना खाका टराटरा फाडला.

लग्नात कापडवाला दिसताच त्या आपण होऊन त्याच्याकडे गेल्या. "तुझं कापड चोख होतं रे. आखूड मीच झाले होते."

"मग हा झगा कुणाकडच्या कापडाचा?" त्याने भीतभीत विचारलं.

"तुझ्याच. तू बदलून दिलेलं, तेच उसवून नव्या मापाने शिवलंय. बघ, कुठे लोंबतंय का," म्हणाल्या आणि डॉक्टरीणबाईंचं सांगणं लक्षात ठेवून, सावकाश, त्याच्यासमोर गोल फिरल्या.