चार बोटांचे माप

यंत्रांच्या कारखान्यामागील माल भरण्याच्या अंगणात त्यांना मुकादम अशी हाक क्वचितच ऐकू येई. सगळे त्यांना चारबोटे म्हणत. नव्या माणसांना तर ते कित्येक महिने खरे आडनावच वाटे. ट्रेलरवर माल चढला, की मुकादम गुडघ्यावर बसत आणि मागच्या टायरच्या व वरच्या सांगाड्याच्या मधल्या फटीत उजव्या हाताची बोटे आडवी घालत. रिकाम्या गाडीला आठ बोटांची फट असे. माल चढेल तसतसे कमानीचे पाटे दबत आणि फट कमी होत जाई. चार बोटे उरली, की ते उठत, हात झटकत आणि म्हणत, "बास. आता वर चिमणीसुद्धा बसता कामा नये."

त्या पाट्यांचा आवाज आज म्हातारपणीही त्यांच्या कानांत आहे. शेवटची पेटी टेकताना पोलाद एकदा कण्हत असे, जसा एखादा हमाल पाठीवर पोते घेताना हुंकारतो. तो हुंकार ऐकून गाडीचे पोट भरले की नाही, हे मुकादमांना न पाहताही कळे. चोवीस वर्षांत त्यांनी भरलेल्या एकाही गाडीचा आस वाकला नव्हता.

या गाड्या बहुधा त्यांचा मेहुणा नेई. तो बायकोचा पाठचा भाऊ होता. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला तिथे घोडा म्हणत. घोड्याच्या पाठीवरील गोल तव्यात ट्रेलरची खुंटी अडकली, की मेहुणा खाली उतरून विचारी, "दाजी, किती?"

"चार."

"मग निघतो. ताईला सांगा, परवा जेवायला आहे."

एवढ्या एका शब्दावर तो डोंगर उतरून जात असे.

पुढे नवा ट्रेलर आला. त्याला पाटेच नव्हते. आसांवर रबराचे, हवा भरलेले फुगे होते. पुढच्या कोपऱ्यात धातूची एक चकचकीत पट्टी ठोकलेली होती. मुकादमांना अक्षरे येत नव्हती आणि ही गोष्ट बायकोवाचून कोणालाही ठाऊक नव्हती. आकडे मात्र येत होते. पट्टीवरचा सर्वांत मोठा आकडा अठ्ठावीस हजारांचा होता. ट्रेलर आणि माल मिळून एवढे किलो चालतात, हे त्यांनी अनुभवाने ओळखले. खाली आणखी दोन लहान आकडे होते. ते कंपनीच्या कसल्याशा नोंदीचे असावेत, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. पट्टी मात्र ते रोज सकाळी फडक्याने पुसत.

एके दिवशी बारा टनांचे यंत्र आणि आठ टनांच्या पेट्या पाठवायच्या होत्या. माल घेणाऱ्यांची क्रेन आखूड हाताची होती, म्हणून यंत्र अगदी मागच्या टोकाला ठेवा, असा त्यांचा निरोप होता. यंत्र ठेवले गेले. मुकादमांनी बोटे घातली. फट आठ बोटांची होती. त्यांनी पुन्हा घातली, तरी आठच.

"काय गाडी आहे! बारा टन चढले, तरी हूं की चूं नाही," ते म्हणाले. "मग पेट्या तरी पुढे कशाला ओढत बसायच्या? ठेवा तिथेच, यंत्राला चिकटून."

वजनकाट्यावर, घोड्याचे वजन वगळून, ट्रेलर आणि माल मिळून सव्वीस टन भरले. मर्यादेला अजून दोन टन कमी होते.

"दाजी, किती?"

"आठ!"

"आठ? मग एका लग्नाचं वऱ्हाड बसवू की वर!" असे म्हणून मेहुणा हसत निघाला.

भर दुपारी, डोंगराच्या उतारावर, मागचा एक टायर फुटला. त्याचा भार शेजारच्यावर आला, तोही फुटला आणि आस वाकला. मेहुण्याने प्रसंगावधान राखून गाडी कडेच्या मुरमाच्या ढिगात घातली. जीव वाचला, पण मनगट मोडले.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर ओढून आणला गेला. काट्यावरचा कारकून पट्टीजवळ वाकला आणि वाचू लागला. "प्रत्येक आसावर नऊ हजार. खुंटीवर दहा हजार. मुकादम, दोन आसांवर मिळून अठराच टन चालतात हो. तुम्ही सगळा माल मागे लोटलात. बावीस तरी आले असतील तिथे, आणि घोड्याच्या पाठीवर जेमतेम चार."

"पण फट आठ बोटांची होती."

"ती आठच राहणार. भार पडला, की फुग्यांत आपोआप जास्त हवा जाते आणि गाडी पुन्हा तेवढीच वर उचलली जाते. भार किती चालतो, ते पट्टीवर लिहिलंय की सगळं."

"पट्टी रोज मीच पुसतो," मुकादम म्हणाले.

घरी बायकोने विचारले, "कोणाला विचारलं असतंत, तर तोंड झिजलं असतं का?"

"विचारलं असतं, तर मला वाचता येत नाही हे कळलं असतं."

"मग आता काय कळायचं राहिलंय?"

मेहुण्याचा निरोप तिनेच सांगितला. हात जुळला, की तो पुन्हा गाडी चालवणार होता, पण दाजींनी भरलेली नाही. चोवीस वर्षांचा तो एक शब्द गेला, हे मुकादमांना वाकलेल्या आसाहून अधिक लागले.

छप्पन्नाव्या वर्षी ते संध्याकाळच्या प्रौढ वर्गात जाऊन बसले. बाक लहान मुलांचे होते, गुडघे हनुवटीला लागत. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या मुलीहून धाकट्या होत्या. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बाई, कमळाचा 'क' सावकाश शिकवा. मला आधी आसाचा 'आ' पाहिजे."

"आसाचा का होईना, काका, पण आधी पेन्सिल सरळ धरा," बाई म्हणाल्या.

आठ महिने गेले. मेहुणा दुसऱ्या अंगणातल्या गाड्या नेत होता. ताईने फार गळ घातली, तेव्हा तो एकदा आला. तोच ट्रेलर दुरुस्त होऊन, माल भरून उभा होता. जड यंत्र या वेळी मधोमध होते. मुकादम पट्टीपाशी गेले आणि अक्षरांखालून बोट फिरवू लागले.

"प्र... त्‍... त्ये... क. प्रत्येक. आ... सा... वर."

मेहुण्याला वाचता येत होते. त्याने मध्ये एकही अक्षर सांगितले नाही.

मग घोड्याची चाके काट्याबाहेर ठेवून केवळ ट्रेलरचे आस काट्यावर घेतले. चिठ्ठी मुकादमांनीच हातात घेतली.

"किती?" मेहुण्याने विचारले. दाजी हा शब्द त्याने अजून उच्चारला नव्हता.

"दोन्ही आस मिळून सतरा हजार चारशे. मर्यादेला सहाशे कमी."

मेहुण्याने चिठ्ठी घेतली, पट्टी पाहिली, पुन्हा चिठ्ठी पाहिली. "आणि बोटं?"

मुकादम सवयीने गुडघ्यावर बसले. "आठ. हिला काय, ही नेहमीच आठ सांगणार."

मेहुणा त्या दिवशी प्रथमच हसला. जुळलेल्या हाताने दांडी धरून तो घोड्यावर चढला. "निघतो, दाजी. ताईला सांगा, परवा जेवायला आहे."

गाडी हलली. कण्हायला तिला पाटे नव्हते. तरीही ती फाटकाबाहेर जाईपर्यंत मुकादम कान देऊन उभे राहिले.