दिसणारी चूक

नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या आमच्या नेमबाजी क्लबात एक बाई दर शनिवारी यायच्या. सगळा जन्म औषधांच्या दुकानात गेलेला. बोलतानाही प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थांबायच्या. पिस्तुलाची काडतुसं त्या घरीच भरत.

त्यांची काडतुसात भरायची नेहमीची बिनधुराची स्फोटक पावडर बाजारात मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांनी दोन नव्या पावडरी महिनाभर तपासल्या. पहिल्या पावडरीच्या सगळ्या गोळ्या निशाण्यावर एका नाण्याएवढ्या जागेत बसल्या, दुसरीच्या जरा पसरल्या. स्पर्धा तोंडावर आली होती. मी म्हटलं, "मग ठरलंच की!"

त्यांनी मला घरी बोलावलं आणि एका रिकाम्या काडतुसात ती पावडर मुद्दाम दोनदा ओतली. ती आत सहज मावली. दुसरी पावडर मात्र दुसऱ्यांदा ओतताच काठावरून सांडली.

"दुप्पट भरलेलं काडतूस उडवलं, तर पिस्तूल हातातच फुटू शकतं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून चूक होणारच नाही, असं मी कधी धरत नाही. झालीच, तर ती मला दिसली पाहिजे."

'असं काही होणार नाही' म्हणत ऑफिसात रोज न तपासलेला कोड पुढे ढकलणारा मी सांडलेली पावडर गोळा करू लागलो.

स्पर्धेत त्या दुसरी पावडर घेऊन उतरल्या आणि पाचव्या आल्या. आदल्या वर्षी पहिल्या होत्या. विजेत्याचा हात हातात घेताना त्यांचा चेहरा इतका निवांत होता, की मी टाळ्या वाजवायचंही विसरलो.