उकंडामामाची उलटी दवंडी

माझा मामा उकंडा फुलसावंगीचा कोतवाल होता. गावात दवंडी द्यायचा तो त्याच्याच आवाजात. १९४९ साली नानाजी पाटलाच्या गोठ्यातून कापूस चोरीला गेला आणि पाटलानं चोर म्हणून नाव घ्यायला लावलं ते मामाच्याच आईचं, म्हणजे माझ्या आजीचं, तुळसाबाईचं. नाही म्हटलं असतं तर वर्षाचं धान्य बंद. मामानं डफडं वाजवून स्वतःच्या आईला गावभर चोर केलं. आजी त्यानंतर बाजारात गेली नाही. पाटलाला मी आजही माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

छप्पन्नला आम्ही बौद्ध झालो. मामानं कोतवालकी सोडली, डफडं चुलीत घातलं. साठ साली पाटलाचा जुना गाडीवान लखीराम बोलून गेला, कापूस पाटलाच्या जावयानंच विकला होता आणि पाटलाला ते तेव्हाच ठाऊक होतं. मामा पेटला. भर बाजारात, पाटलाच्या तोंडावर, उलटी दवंडी द्यायची. पण नेमका महिनाभर घसा बसलेला. गिळताना टोचायचं, बोलायला गेला की नुसती हवा.

महागावला भगवानराव नावाचे निवृत्त मास्तर होमिओपॅथीच्या गोळ्या देत. मी मामासोबत गेले. मास्तरांनी विचारलं, "आवाज सकाळी जास्त बसतो का? गार पाण्यानं बरं वाटतं? राग आला की बोलता, का गिळता?"

"अकरा वर्षं गिळूनच राह्यलो," मामा खरखरला.

मास्तरांनी बाटलीच्या झाकणात चार गोळ्या घेतल्या. "हात लावू नका. तोंड उघडा, वरून टाकतो."

मामा ताडकन उठला. वरून ओतलेलं पाणी आम्ही पिढ्यानपिढ्या ओंजळीनं प्यालो होतो. "दवाईतबी विटाळ? ठेवा तुमच्या गोळ्या."

मीही चपला घालायला लागले. मास्तर गोंधळले, मग त्यांनी आत हाक मारली, "विमल, तुझं औषध राहिलं." बायको आली, तिनं तोंड उघडलं, मास्तरांनी तिलाही झाकणातूनच गोळ्या टाकल्या. "बोटं लागली की औषध बिघडतं, एवढंच," ते म्हणाले. मामा ओशाळून खाली बसला.

पंधरा दिवस कच्चा कांदा नाही, तंबाखू नाही, बोलणं तर नाहीच. गोळ्यांनी म्हणा, गप्प राहिल्यानं म्हणा, घसा सुटला. मी म्हणते, सुडानं सुटला.

बाजाराच्या दिवशी पाटील चार माणसांत बसलेला पाहून मामा पुढ्यात उभा राहिला. "ऐका हो ऐका. कापूस पाटलाच्या जावयानं चोरला. पाटलाले ठाऊक होतं. तुळसाबाई चोर नाही." तीनदा ओरडला. पाटलाची मान खाली गेली ती वर आली नाही. मला असा आनंद झाला की सांगता सोय नाही.

घरी येऊन मामानं आजीपुढे बसून सगळं सांगितलं. तिनं निवडायला घेतलेलं सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी काहून नाही बसला रे तुया घसा?"