हॉरेसचा अख्खा पिस्टन

इंग्लंडमधल्या डर्बी गावात ‘कारखाना’ म्हटलं की एकच, मोटारींची आणि विमानांची इंजिनं बनवणारा. तिथून निवृत्त होणाऱ्या माणसाला सोबती इंजिनाचा एक नापास पिस्टन, पेल्यासारखा पोकळ, अर्धा कापून, चकचकीत घासून अॅशट्रे म्हणून देत. जन्मात तंबाखूला न शिवलेल्या माणसाच्या घरीही तो कपाटावर मिरवत असे.

विनी ओल्डरशॉच्या घरचा पिस्टन मात्र अख्खा होता. तिचा नवरा हॉरेस कारखान्यात तपासनीस होता. वस्तू आधी नापास करायची आणि मग बघायची, असा त्याचा खाक्या. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी पिस्टन पुढे केला, तर या गृहस्थानं खिशातून केसाचीही जाडी मोजणारं मायक्रोमीटर काढून तो मोजला.

“हा नापास आहे. नापास माल मी घरी नेत नाही.”

बिचाऱ्यांनी धावपळ करून चांगला आणला आणि कापायला घेतला. तेव्हा हा पुन्हा ओरडला, “चांगला पिस्टन कापता? लाज नाही वाटत?”

हॉरेसच्या तोंडून फार फार तर एकच कौतुक निघे, “चालेल.” लग्नाच्या दिवशी पांढऱ्या झग्यातल्या विनीला बघूनही तो एवढंच म्हणाला होता. त्यावरून तिनं त्याला जन्मभर टोमणे मारले.

हॉरेस गेल्यावर विनीनं त्याची रक्षा त्याच पिस्टनमध्ये ठेवली. बाजूच्या दोन भोकांत शेरीच्या बाटल्यांची बुचं ठोकली. अख्खा हॉरेस काही त्यात मावेना, म्हणून उरलेला तिनं त्याच्या लाडक्या वाटाण्याच्या वाफ्यात घातला. रोज संध्याकाळी चहा पिताना ती पिस्टनला गावच्या बातम्या सांगे. तो पूर्वीइतकंच बोलत असे.

एक दिवस सिरिल स्पेंडलव्ह आला. हा हॉरेसचा जुना सोबती. कारखान्यातल्या म्हाताऱ्यांनी मिळून लढाईच्या काळातलं एक विमानाचं इंजिन शेडमध्ये पुन्हा उभं केलं होतं. रविवारी ते गावासमोर सुरू करायचं होतं आणि ऐन वेळी एका पिस्टनला चीर सापडली होती. तसल्याच पिस्टनच्या शोधात सिरिल निवृत्तांच्या घरोघर फिरला, पोट फुगेपर्यंत चहा प्याला. जिथे जावं तिथे कापलेलेच पिस्टन.

“विनी, आता सगळी भिस्त तुझ्यावर,” असं म्हणत त्यानं जुन्या सवयीनं पाइप पिस्टनच्या कडेवर ठोकून रिकामा केला.

“सिरिल,” विनी म्हणाली, “त्यात हॉरेस आहे.”

सिरिलनं आधी पाइपकडे पाहिलं, मग पिस्टनकडे, आणि टोपी काढली. “माफ कर रे, हॉरेस.”

“तुझी तंबाखू त्याला कधीच आवडली नाही. आणि पिस्टन मी देणार नाही. संध्याकाळी मी बोलू कुणाशी?”

सिरिलनं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. त्याचं तोंड इतकं उतरलं की विनीलाच वाईट वाटलं.

“बरं, देते. पण चिमूटभर हॉरेस आत राहू दे.”

“इंजिनात राख?” सिरिल ताडकन उठला. “अगं, तुझ्या नवऱ्यानं मला फाडून खाल्लं असतं!”

विनीला हसू फुटलं. खरंच होतं ते. आणि उत्तम पिस्टन नुसता कपाटावर बसवून ठेवलेला तरी त्याला कुठे रुचला असता? तिनं बुचं उपटली आणि हॉरेसला बिस्किटांच्या डब्यात हलवलं.

रविवारी ती डबा मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली. इंजिन खोकलं, काळा धूर पाद्रीबुवांच्या तोंडावर सोडून बंद पडलं. विनीला वाटलं, आपला पिस्टनच नडला की काय? दुसऱ्या खेपेला मात्र ते असं गरजलं की खुर्च्या थरथरल्या. म्हातारे ढसाढसा रडू लागले. इंजिन थांबल्यावर ते सगळे सवयीनं, तपासनिसाच्या पसंतीची वाट बघत, हॉरेसच्या डब्याकडे बघत राहिले.

सिरिल जवळ आला. “खोलून परत आणून देतो हं.”

“खबरदार! इतक्या वर्षांनी कामाला लागलाय तो.”

त्या संध्याकाळी तिनं डबा वाटाण्याच्या वाफ्यात रिकामा केला. अर्धा हॉरेस उरलेल्या अर्ध्याला जाऊन मिळाला. आता बातम्या सांगायला ती चहाचा कप घेऊन वाफ्यापाशी बसू लागली.

उन्हाळ्यात वेली शेंगांनी लगडल्या. कुंपणावरून सिरिलनं विचारलं, “कसा आहे गं यंदाचा वाटाणा?”

विनीनं एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, बराच वेळ चावले.

“चालेल,” ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.