दाराला लावलेली बोराटी

आमच्या भागात माणूस काही महिन्यांसाठी घर सोडून निघाला तर दाराला कुलूप लावतोच असं नाही. मेंढपाळ तर लावतच नसत. कडी दोरीनं बांधायची आणि उंबऱ्यावर बोराटी आडवी टाकायची, म्हणजे बोरीची वाळलेली काटेरी फांदी. कुत्रं आत शिरत नाही, गुरं भिंतीला अंग घासत नाहीत, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला कळतं की घरधनी गेलाय, पण परत येणार आहे. घर कायमचं सोडलं तर बोराटी कुणी लावत नाही. कशाला लावेल? हे मला लहानपणापासून माहीत होतं. एवढंच मी वेळेवर बोललो असतो, तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

मी नगररचनेच्या कामात उभी हयात काढली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. दोष त्याच्या माथी मारण्यासाठी हे लिहीत नाहीये.

आमचं गाव शहराच्या पूर्वेला, जालन्याच्या वाटेवर. वडिलांची मोसंबीची बाग होती. सुगी उरकली की एक मेंढपाळ नवरा-बायको मेंढरं घेऊन आमच्या रिकाम्या वावरात बसायला यायचे. बसायला म्हणजे, रात्री मेंढरं तिथं कोंडायची, लेंडीखत जमिनीत पडायचं, आणि बदल्यात वडील त्यांना ज्वारी द्यायचे. मी शाळेत असल्यापासून हे चाललेलं. सुट्टीत मी त्यांच्या कळपाभोवती बोराटी ओढायला मदत करायचो, आणि ती बाई मला चुलीवरची पहिली भाकरी द्यायची. तिच्या पोटी मूल नव्हतं.

पावसाळ्याचे महिने ते मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं गायरानावर राहायचे. दगड-मातीच्या भिंती, वर पत्रे, अशी त्यांच्या भावकीची दहा-बारा घरं होती. मेंढपाळ सांगायचा, पोलीस ॲक्शनच्या आधीपासून आमचा तळ हाय हितं. रझाकाराच्या धाकानं बापानं मेंढरं ह्या घरामागच्या नाल्यात दडवली होती. तेव्हा शहर तिथून लांब होतं. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत ते चालत चालत त्यांच्या दारापर्यंत आलं.

मग घरकुलाची योजना आली. गायरानावर जे राहतात त्यांना तिथंच पक्की घरं मिळणार होती. गायरानावरची माणसं त्या सालच्या पावसाळ्यात फार आनंदात होती. मेंढपाळाच्या बायकोनं मला विचारलं होतं, "सायेब, त्या घराला खिडकी आसंल का वो?" मी म्हणालो, दोन असतील. ती म्हणाली, "दोन कशाला? एकीतून बघायचं काय अन् दुसरीतून काय?" आणि स्वतःच कितीतरी वेळ हसली.

हिवाळ्यात अंदाजपत्रकाची सभा झाली. घरकुलांच्या रकमेला कात्री लागली. रस्त्यांच्या कामांना पैसे हवे होते, आणि रस्ता सगळ्यांना दिसतो. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं नाही, आवाज खाली केला नाही. गुपचूप सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

"आता एवढी घरं बसत नाहीत. आणि गायरानाच्या मधून रस्त्याची आखणी आहे. सर्वे व्यवस्थित करा. फालतू नावं येऊ देऊ नका."

"फालतू म्हणजे, साहेब?"

"अहो, नियम वाचा की. कुलूप असेल तर घर बंद, परत जायचं. कुलूपही नाही आणि माणूसही नाही, तर वापरात नाही. योजनेतून बाद. सोपंय. तुमची कायम करायची फाईल पण माझ्याकडंच आहे, म्हणून सांगतो, वेळेत करा."

हे शेवटचं वाक्य धमकी होतं का, मी खूप वर्षं विचार केला. मला वाटतं, नव्हतं. ते सहज बोलले. मी ते धमकी म्हणून घेतलं, कारण तसं घेणं मला सोयीचं होतं.

सर्वे ज्या आठवड्यात लागणार होता त्याच्या आधीच्या रविवारी मी गावी गेलो. मेंढरं आमच्याच वावरात बसलेली. मेंढपाळ बांधावर लोकर कातत होता, त्याची बायको तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. मला बघून म्हणाली, "या, बसा. का आता हापिसरला खाली बसवंना?"

मी बसलो. भाकरी घेतली. मेंढपाळानं हातातली चाती थांबवली.

"धाकलं मालक, घरांची मोजणी हाय म्हनं ह्या आठवड्यात. एक डाव जाऊन येऊ का? आमच्यातल्या एकानं तरी?"

मी तोंड उघडायच्या आत वडील मागून बोलले. ते विहिरीकडून येत होते.

"आरं, आत्ता कुठं निघतुस? हा तुकडा बसवून हुऊ दे की. पुढं इथं कलमं लावायची हायत. एकट्या बाईच्यानं मेंढरं आवरत्यात व्हय? अन् हा हाय की तिथं. ह्याच्याच हातात हाय समदं." आणि वडिलांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "मी आहे ना."

एवढंच. भाकरी हातात होती.

बाई म्हणाली, "तरी म्या म्हनते, जाऊन आलेलं बरं. आपल्या डोळ्याम्होरं..."

"गप ए," नवरा म्हणाला. "सायेब सोता बोलले की. आता काय स्टँपावर लिवून घेतीस?"

वडील हसले. मीही हसलो.

बुधवारी मी गायरानावर गेलो. सोबत कार्यालयातला एक सहकारी होता, जुन्या शहरातला, माझ्याच वयाचा, बोलायला मोठा मजेदार. पुढची दोन-तीन घरं मजुरांची होती. तिथं बायका होत्या, त्यांची नावं लिहिली. मागची सगळी मेंढपाळांची. दोरीनं बांधलेल्या कड्या आणि प्रत्येक उंबऱ्यावर बोराटी. सहकारी थांबला.

"ये क्या यार? दरवाज़े पे काटे कायकू लगाए? जावई येऊ नये म्हणून?"

मी हातातली यादी चाळत राहिलो.

"कोई रहता क्या इधर? तू तो इधरकाच है ना, तेरे को मालूम होना."

त्यानं मला अगदी सरळ विचारलं होतं. त्याच्या मनात काही नव्हतं. मी हो म्हणालो असतो तर त्यानं 'घर बंद' लिहिलं असतं आणि आम्ही पुढच्या महिन्यात परत आलो असतो. मी म्हणालो, "नहीं, कोई नहीं रहता."

"पक्का?"

"पक्का."

त्यानं लिहायला सुरुवात केली. मेंढपाळाच्या दाराशी मी जरा रेंगाळलो. त्याच्या बोराटीला लाल चिंधी बांधलेली होती. अंधारात परत आलं तर पायात काटा जाऊ नये, म्हणून ती बाई बांधत असे.

का केलं मी हे? नोकरी कायम व्हायची होती, हे एक. वडिलांना तो तुकडा खतावून हवा होता, हेही होतं. मेंढरं पुढचा महिनाभर आमच्याच वावरात राहिली, आणि ती कलमं पुढं फार चांगली धरली. पण खरं कारण ह्याहून लहान आहे. मला साहेबांसमोर उभं राहून "हा नियम इथं लागू होत नाही" असं बोलायचं नव्हतं. मला तो अवघडलेपणा नको होता. तेवढ्यासाठी.

विषय सर्वसाधारण सभेत आला. मी अधिकाऱ्यांच्या मागच्या बाकावर बसलो होतो. त्या वॉर्डाच्या नगरसेविका पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहिल्या.

"पन तिथं मानसं राहतात. मी स्वतः मतं मागायला गेले होते त्या घरांत."

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "ताई, माणसांची मागितली का मेंढरांची?"

सभागृह हसलं. बाई बसल्या नाहीत. "हसू नका. मी पाणी प्यालेय त्यांच्या घरात."

साहेब मागं वळले. "यांनी सर्वे केलाय. सांगा हो, राहतं का कुणी?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "आम्ही गेलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. बाक वाजले, मंजूर-मंजूर झालं, आणि पुढचा विषय दिव्यांच्या खांबांचा निघाला. नगरसेविका बाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. तरी मी खाली बघितलं.

रस्त्याचं काम उन्हाळ्यात सुरू झालं. पाऊस तोंडावर आल्यावर मेंढपाळ परतले, तेव्हा गायरानावर मुरमाचा ढीग होता आणि बाजूला त्यांचे पत्रे रचून ठेवलेले. चोरीला गेले नव्हते, हे ठेकेदारानं मला मोठेपणानं सांगितलं.

पुंडलिकनगरला मी तेव्हा नुकतं भाड्यानं घर घेतलं होतं. एका सकाळी ते दोघं दारात उभे. मला वाटलं, आता विचारतील. मेंढपाळानं काखेतली नवी घोंगडी काढून माझ्या बायकोच्या हातात दिली.

"ताईसाब, थंडीची लागंल तुमाला." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमी तर लई झगडला आसाल आमच्यासाठी. पर वरच्यांनी ऐकलं नसंल. आमी काय वळखत नाय व्हय तुमाला?"

मी म्हणालो, "हो. वरूनच झालं सगळं."

सर्वेच्या दिवशी मी माणसं पुसली, सभेत खरं झाकलं. पण मला आजही सगळ्यात घाण वाटतं ते हे वाक्य. बाई चहा न घेता जिन्यावर जाऊन बसली.

त्यांनी मुकुंदवाडीत स्टेशनजवळ एक खोली घेतली. शहरात मेंढरं कुठं ठेवणार? पाऊसभर इकडं-तिकडं केली आणि शेवटी विकून टाकली. मेंढपाळ एका नव्या इमारतीवर राखणदार झाला. सहा मजली इमारतीच्या दाराशी, घोंगडी पांघरून, दुसऱ्यांची घरं राखत बसलेला मी त्याला बघितलाय. तो उठून रामराम घालायचा. मग मी तो रस्ता टाळायला लागलो. तो गेला हे मला वर्षभरानं कळलं. वडील त्याच्या आधीच गेले होते. त्यांच्याशीही ह्यावर कधी बोलणं झालं नाही.

अलीकडं, मी निवृत्तीला आलो तेव्हा, नव्या योजनेत एक सोय निघाली. आधी चुकून वगळलेल्यांनी आपण तिथं राहत होतो हे सिद्ध केलं, तर त्यांचा विचार होणार होता. मी त्या बाईच्या खोलीवर गेलो. खोलीला खिडकी नव्हती. ती आता म्हातारी झाली होती. मला बसायला पोतं दिलं. मी सगळं सांगितलं. बोराटी, 'पक्का', सभेतलं वाक्य.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तवापसून. ल्हानपनी आमच्यासंगं बोराटी वडायचा तुमी. अन् दारातली बोराटी तुमाला कळली नसंल व्हय? आमच्या मालकाला म्या सांगितलं नाय. कोनबी आलं की त्यो तुमचं नाव घ्यायचा कौतिकानं. म्हनलं, घेऊ द्या. मेंढरं गेली, घर गेलं, एवढं तरी ऱ्हाऊ द्या त्याला."

मी रडायला लागलो. ती वैतागली.

"मला कशाला सांगायलाव? मला काय उपेग त्याचा? हापिसात सांगा."

मी सांगितलं. तिचा अर्ज भरला, सुनावणीला तिच्यासोबत गेलो आणि जे घडलं ते तिच्यासमोर बोललो. समोर एक तरुण अधिकारी मुलगी होती, शांत, नम्र. तिनं नीट ऐकून घेतलं.

"काका, बोराटी म्हणजे काय?"

मी सांगितलं.

"पण कुलूप नव्हतं ना?"

"नव्हतं."

"आणि आत कुणी नव्हतं. मग नियमानुसार तुम्ही बरोबरच लिहिलं होतं की."

"पण मला माहीत होतं ते कुठं आहेत. आमच्याच वावरात होते."

"तुम्हाला माहीत होतं, हे मी आता कसं धरू, काका? सर्वेत चूक दिसली तरच मला दुरुस्ती करता येते. इथं चूकच नाहीये."

इतक्या वर्षांनी मी खरं बोललो आणि नियमानं मला निर्दोष सोडलं.

म्हातारी पुढं सरकली. "पुढल्या टायमाला कुलूप लावते, बाई. पर आधी दार तर द्या."

अधिकारी मुलगी किंचित हसली, मग हसू आवरलं आणि अर्ज निकाली काढला. घर मिळणार नव्हतं. ह्या जन्मी तर नाहीच, हे आम्हा तिघांना त्या टेबलाशी कळलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, स्कूटरवर सोडतो. ती नको म्हणाली. क्रांती चौकाकडं चालू लागली, मग वळून परत आली.

"ती घोंगडी हाय का आजून?"

"आहे."

"आनून द्या. आमच्याच मेंढरांच्या लोकरीची हाय."

दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन गेलो. बायकोनं कपाटात जपून ठेवली होती, आम्ही कधी पांघरली नव्हती. म्हातारीनं ती दारातच झटकली. डांबराच्या गोळ्या उंबऱ्यावर पडल्या. त्या तिनं पायानं बाहेर लोटल्या, घोंगडी आत नेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.