घागरीचा फोटो

महाल भागातले आमचे फोटोमास्तर नवरा-नवरीचा फोटो पाच मिनिटांत उरकत आणि एका लोट्याला अर्धा दिवस लावत. जोडपं अजून पदर-टोपी सावरत असायचं, तोवर मास्तर "झालं, या आता" म्हणून मोकळे. एकदा विचारलं तर म्हणाले, "माणूस आपला चेहरा घेऊनच येते गा. लोट्याले तो द्यावा लागते."

कंदील, कंगवा, साबण, कशाचीही जाहिरात असो, दुकानदार त्यांच्याकडेच येत. साबणाची वडी ते आधी दोन दिवस स्वतः वापरत. "कोरी वडी विटेसारखी दिसते," म्हणत.

मी तेव्हा लकडगंजात भांड्यांचा कारखाना नुकताच काढला होता. कारखान्याच्या जाहिरातीचं पहिलं कॅलेंडर गावोगावच्या दुकानांत लागलं तरच माझा माल तिथे शिरणार होता. बारा भांडी एकाच फोटोत बसवा म्हणून मी तासभर घासाघीस केली. मास्तर एकावरून हलले नाहीत. शेवटी पितळेची घागर ठरली.

चिंच लावून मी ती आरशासारखी घासून नेली. मास्तरांनी तिच्याभोवती पांढरं धोतर ताणलं आणि खडूच्या पुरचुंडीने तिला थापटू लागले. पितळेवर ती पूड पाहून माझं डोकं फिरलं. "काहून माझी चमक मारून राहिले, मास्तर?" धोतर ओढून काढलं, घागर पुसली आणि कॅमेऱ्याशेजारी ठाण मांडलं. "आता काढा."

"अशीच?"

"अशीच."

त्यांनी काढला. फोटो हाती आला तेव्हा मी फक्त चमक पाहिली आणि तो छापखान्यात दिला. कॅलेंडर भिंतीवर लागल्यावर बायकोने दाखवलं: घागरीच्या पोटात मी होतो, गाल फुगलेला, डोळे वटारलेला.

नरखेडकडचे दुकानदार निरोप धाडू लागले, "त्या डोये वटारणाऱ्या भाऊची घागर पाठवजा." माल खपला, पण मला ते लागलं. मास्तरांनी सांगितलं का नाही? पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्याशी तुटकच वागलो.

ते मुलीकडे भिलाईला कायमचे निघाले, त्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र गेलो. "खरं सांगा, माझं तोंड दिसलं होतं ना तुम्हाले?"

"दिसलं ना. पण कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसते. उलटे तुम्ही हसून राहिले होते गा. मले वाटलं, भाऊ खुश आहे."

घरी येऊन ट्रंकेतलं कॅलेंडर काढलं, उलटं धरलं. उलटाही मी चिडलेलाच होतो. हे त्यांना ऐकवायला सकाळी महालात पोचलो, तर मास्तर पहिल्याच गाडीने निघून गेले होते. एवढं भांडण घेऊन आता जायचं तरी कुणाकडे?