आमचे डोळे उघडला

"मले नाही हो. मला. मला म्हणा!"

शाळेच्या सचिव मॅडमनं माह्या हातातला माइक ओढून भर सभेत हे सांगितलं. मंग पाहुण्यांकडं वळून म्हणाल्या, "काय करणार, वऱ्हाड आहे!" पाहुणे हसले. त्याइच्या मागं सारा हॉल हसला.

बाईचा स्मृतिदिन होता. बाई म्हणजे अमरावतीत आमची ही शिवणशाळा काढणाऱ्या. लग्न झालेल्या, कधी पाटी न धरलेल्या बायांसाठी काढलेली शाळा. मी भातकुलीची, माळ्याच्या घरची. वांग्याची टोपली घेऊन बाजारात येत होती, तिथून या शाळेत आली, अन आता इथंच कटिंग शिकवून राहिली. बाईच्या हाताखाली शिकलेल्यातली मी एकटीच उरली, म्हणून मले बोलाले सांगितलं होतं.

माइक परत हाती आला. म्हणलं, आता चुकाचं नाही. 'ले' आला का त्याचा 'ला' कराचा. अन मोठ्यानं बोलली, "बाईंमुळे आमचे डोळे उघडला. आमचे हात चालला."

अरे बापा! लोकं पोट धरधरून हसाले लागले. मले कळेच ना काहून हसून राहिले. मी तर मॅडमचंच ऐकलं होतं! तशीच खाली उतरली. समोर बाईचा फोटो, त्याले ताजा हार. शाळा आमच्यासाठी काढलेली, अन तिथं आमालेच बोलाची चोरी.

बाई पुण्याकडच्या होत्या. पयल्याच दिवशी त्याइनं कात्री वर धरली अन इचारलं, "तुमच्याकडे हिला काय म्हणतात?" मीच भीत भीत म्हणलं, "कैची." बाईनं फळ्यावर लिहिलं, कैची. "मग आजपासून आपली कैची," म्हणाल्या. आपला शब्द फळ्यावर पाहून मले रडूच आलं होतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात आल्या. सोबत एक नवी शिक्षिका. मले म्हणे, "तुम्ही आता मशीनचं तेलपाणी बघा. शिकवायचं या बघतील. तुमचं ऐकून बायका तशाच बोलतात. उद्या दुकानात कोण उभं करेल त्यांना?"

काय सांगू, मी तेलाची कुपी उचलली बी.

तेवढ्यात एक नवी शिकणारी उठली. अकोल्याची पोर, इथं दिलेली. हातातला ब्लाऊज माह्यापुढं धरला. "बाई, मले बाही बसवता येऊन नाही राहिली."

"मला!" मॅडम म्हणाल्या.

पोरीनं ब्लाऊज पिशवीत कोंबला अन चपला पायात सरकवाले लागली. तिचं तोंड पाहून माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही आज गेली तर पुन्हा येणार नाही, मले पक्कं माहीत होतं.

मी कुपी ठेवली अन दारात आडवी झाली. "कुठं चालली? बस खाली. काय येऊन नाही राहिलं ते पुन्हा सांग. मोठ्यानं."

मॅडम लालबुंद झाल्या. "कोणाशी बोलताय, कळतंय का?"

"तुमच्याशीच बोलून राहिली. ती शिवाले शिकून राहिली, तिले शिकू द्या. माह्या वर्गात कोणाचं तोंड दाबाचं नाही."

"तुमचा वर्ग? ते समिती ठरवेल."

"ठरवू द्या!"

पोरगी हळूच खाली बसली. बाही उलटी लागली होती. आमी दोघींनी मिळून टाके उसवले, तिनं परत लावली. मॅडम नव्या शिक्षिकेले घेऊन निघून गेल्या.

आता समितीचा निरोप आला आहे. माफी मागा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

मी माफी मांगणार नाही. उद्या येईन, परवा बी येईन. कुलूप लावतीन तर लावू द्या, मी पायरीवर बसून शिकवीन. मले उठवाले मॅडमनंच यावं, अन साऱ्या बायांसमोर उठवून दाखवावं.